वर्गणी मागा, पण हिशेब द्या : स्वतंत्रपणे गेम बनवणाऱ्या तरुणांसाठी

स्वतःच्या बळावर गेम बनवणारा तरुण पैशाच्या प्रश्नावर दोन ठिकाणी अडकतो. एक तर तो मागायलाच लाजतो. कामासाठी लोकांकडे पैसे मागणं त्याला भीक वाटते. नाहीतर तो पेट्रिऑनवर पान उघडतो, पाच-पाच पायऱ्यांची बक्षिसं जाहीर करतो आणि सहा महिन्यांत त्या बक्षिसांचाच वेठबिगार होऊन बसतो. दोन्हींच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. मासिक पाठिंबा म्हणजे नेमकं काय, हेच त्याने ठरवलेलं नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. मासिक पाठिंबा ही वर्गणी आहे. वर्गणी देणारा माल विकत घेत नाही आणि उपकारही करत नाही. काम चालू राहावं म्हणून तो आपला वाटा उचलतो. बदल्यात त्याचा दोनच गोष्टींवर हक्क असतो : काम आणि हिशेब. जयंतीची वर्गणी गोळा केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पावती घेताना ‘मला काय मिळणार?’ असं कुणी विचारत नाही. पण जमाखर्च फलकावर लागला नाही, तर पुढच्या वर्षी तोच माणूस दारात उभं करत नाही.

अमेरिकेतल्या टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांचं उदाहरण घ्या. टार्न गणितातला पीएच.डी. २००६ साली त्याने विद्यापीठातलं काम सोडलं आणि त्याच वर्षी ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा गेम लोकांसमोर ठेवला, तोही फुकट. पैसे देणाऱ्याला आणि न देणाऱ्याला एकच गेम. देणगीदाराला खडूने काढलेलं चित्र किंवा छोटीशी गोष्ट मिळायची, एवढंच. अशा देणग्यांवर आणि पुढे पेट्रिऑनवर हे काम सोळा वर्षं चाललं. लोक का देत राहिले? कारण काय काम झालं ते टार्न नियमित लिहीत होता, खेळणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होता आणि दर महिन्याला किती रक्कम आली तो आकडा उघड मांडत होता.

आता बक्षिसांचं गणित करून बघा. समजा ८० जण महिन्याला १०० रुपये देतात. झाले ८,००० रुपये. प्रत्येकाला तुम्ही खास चित्र कबूल केलंत आणि एका चित्राला अर्धा तास लागला, तर ४० तास गेले. म्हणजे महिन्यातला कामाचा अख्खा आठवडा. ज्या गेमसाठी पैसे मागितले, त्याच गेमचा वेळ तुम्ही विकून टाकलात! म्हणून एकदा करून सगळ्यांना देता येईल तेवढंच कबूल करा : कामाचा वृत्तांत, सुरुवातीची आवृत्ती, श्रेयनामावलीत नाव. खात्री नसलेली तारीख देऊ नका.

दुसरा मुद्दा मालकीचा. पेट्रिऑन कंपनी आहे, चळवळ नव्हे. डिसेंबर २०१७ मध्ये तिने पाठीराख्यांवर प्रत्येक वर्गणीमागे २.९ टक्के अधिक ३५ सेंट आकार लावायचं जाहीर केलं. म्हणजे एक डॉलर देणाऱ्याला सुमारे १ डॉलर ३८ सेंट पडणार होते. सर्वात मोठा बोजा सर्वात लहान वर्गणीवर! लोक खवळले, अनेकांनी वर्गणी बंद केली, तेव्हा कंपनीने निर्णय मागे घेतला. ऑगस्ट २०२५ पासून नव्याने येणाऱ्यांकडून ती १० टक्के घेते. पेमेंटचा खर्च वेगळा. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम लागू झाले, तेव्हा कार्डावरून आपोआप कटणारी अनेक मासिक पेमेंट्स अडकली होती. धडा काय? एकाच दारावर विसंबू नका. पाठीराख्यांचे ईमेल त्यांच्या संमतीने स्वतःकडे ठेवा. देशातल्या लोकांना यूपीआयने देता येईल अशी सोय करा. आलेला पैसा उत्पन्न म्हणून आयकर विवरणपत्रात दाखवा.

वर्गणीची मर्यादाही ओळखली पाहिजे. झॅकला त्वचेचा कर्करोग झाला, उपचारांच्या खर्चाची धास्ती समोर आली. मार्च २०१९ मध्ये भावांनी सशुल्क आवृत्ती काढायचं जाहीर केलं. ती ६ डिसेंबर २०२२ ला आली, आणि पुढच्याच महिन्याच्या हिशेबात ७० लाख डॉलर्सहून जास्त उत्पन्न दिसलं. जुनी फुकट आवृत्ती चालूच राहिली. वर्गणीने काम जगवलं. आजारपणाची भीती मात्र विक्रीने घालवली. आणि ती विक्री झाली, कारण सोळा वर्षांत माणसं जोडलेली होती.

ज्याच्या घरी भांडवल आहे, त्याला दोन वर्षं तोट्यात काढता येतात. ज्याच्या पगारावर घर चालतं, त्याने पहिल्या महिन्याच्या आकड्यावर भाळून नोकरी सोडू नये. आधी खेळता येईल असा छोटा भाग लोकांच्या हाती द्या. मग मागा. वर्षभर दर महिन्याला जमा, खर्च आणि काम मांडा. काम अडलं तर तेही सांगा, आणि त्या महिन्याची वर्गणी घेऊ नका.

मागताना मान खाली घालण्याचं कारण नाही. हिशेबाच्या दिवशीही ती ताठ राहील, असं वागा.