लष्कराचं नाव घेऊन मुलांना हाकलू नका

"आमच्याकडे अगदी मिलिटरी डिसिप्लिन आहे बरं का, सर." युनिफॉर्ममधला माणूस समोर दिसला की शाळांचे मुख्याध्यापक हे वाक्य हमखास म्हणतात. राजस्थान, आसाम, तेलंगण आणि आता पंजाब, पोस्टिंग कुठलंही असो, स्वातंत्र्यदिनाच्या चहाबरोबर हे वाक्य येतंच. ऐकायला बरं वाटतं. मग पाठोपाठ दुसरं वाक्य येतं: "दारू, ड्रग्ज, सिगारेट, कशालाही माफी नाही. सापडला की त्याच दिवशी दाखला हातात."

ही मिलिटरी डिसिप्लिन नाही, हे कुणीतरी वर्दीतल्याने स्पष्ट सांगायला हवं, म्हणून हा लेख.

आधी आमच्याकडे काय होतं ते सांगतो. निवृत्त मंडळींना हे पाठ आहे, पण शिक्षक-पालकांना नसेल. पिऊन तर्र सापडणं हा आर्मी ॲक्टच्या कलम ४८ खाली गुन्हा आहे. अधिकारी असेल तर कोर्ट मार्शलमध्ये नोकरी जाऊ शकते, जवान असेल तर कैद होऊ शकते. कायदा कडकच आहे. पण एखादा नायक रोज संध्याकाळी पितो, सकाळी हात थरथरतात, पीटीला उशिरा येतो, असं कंपनी कमांडरच्या लक्षात आलं तर पहिलं पाऊल कोर्ट मार्शलचं नसतं. त्याला एमआय रूमला पाठवतात, तिथून मिलिटरी हॉस्पिटलच्या सायकिअॅट्री वॉर्डात. सोबत जातो सी. ओ. चा अहवाल, तोच एएफएमएसएफ-१०. हा माणूस किती वर्षं नोकरीत आहे, काम कसं करतो, घरी काय चाललंय, बदल कधीपासून दिसला, हे सगळं त्या अहवालात सी. ओ. ला लिहावं लागतं. म्हणजे सी. ओ. ला आपला माणूस माहीत असावा लागतो. नसेल तर तो कागद भरतानाच उघडा पडतो. उपचारानंतर त्याची मेडिकल कॅटेगरी खाली येते. 'शेप'मधला 'एस' एकचा तीन होतो, मग चोवीस आठवड्यांनी पुन्हा तपासणी. या काळात तो पलटणीतच असतो. जेवण लंगरमध्ये, रोल कॉलला हजर, बाजूच्या खाटेवर एक भरवशाचा दोस्त. सुभेदार मेजर साहेबांची नजर तर असतेच. सुधारला तर पुन्हा शेप-वन. नाही सुधारला, वारंवार तेच केलं, तर मग नोकरी जाते. पण तिथवर पोहोचायला बराच काळ जातो, आणि त्यात पलटणीची मेहनत खर्ची पडते.

खडकवासल्यातही तेच. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिक्षा कमी नव्हत्या, माझ्या गुडघ्यांना विचारा. पण शिक्षेची दिशा बघा. 'रिस्ट्रिक्शन्स' लागल्या की कॅडेटची रविवारची सुट्टी जाते, दिवसातून अनेकदा ठरलेल्या वेषात हजेरी द्यावी लागते. 'रेलिगेशन' झालं की एक टर्म मागे. शिक्षा जितकी मोठी, तितका तो आवारात अधिक काळ राहतो आणि त्याच्यावर अधिक डोळे असतात. अगदी गंभीर प्रकरणात प्रबोधिनीही घरी पाठवते. पण तो मार्ग पहिल्याच दिवशी कुणी धरत नाही. शाळेची शिक्षा मात्र उलट दिशेने धावते. ज्या मुलावर सर्वांत जास्त नजर हवी, त्याच्यावरची नजर काढून घ्यायची आणि त्याला शिस्त म्हणायचं!

इथे कुणी म्हणेल, अमली पदार्थांबाबत सेना दारूपेक्षा कितीतरी कठोर असते. असते, आणि असायलाच हवी. त्या माणसाच्या हातात रायफल असते. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात कंपासपेटी असते.

मी सध्या पंजाबात आहे. छावणीचं नाव सांगत नाही, ती जुनी सवय. इथे 'चिट्टा' हा शब्द पाचवीतल्या पोरालाही कळतो. सीमेपलीकडून ड्रोनने पाकिटं पडतात, ती सापडल्याच्या बातम्या येतात, फोटो छापून येतात. पण शाळेच्या दप्तरात शिरतो तो बहुतेक वेळा चिट्टा नसतो. ती असते केमिस्टच्या काउंटरखालून मिळणारी कॅप्सूल. ट्रामाडॉल हे साधं वेदनाशामक म्हणून विकलं जायचं, २०१८च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारला ते एनडीपीएस कायद्याखाली आणावं लागलं. मराठी वाचकांनी हा पंजाबचा प्रश्न म्हणून पान उलटू नये. मालेगावातली 'कुत्ता गोळी' आणि संभाजीनगरची 'बटण' ही याच कुळातली भावंडं, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये शेकडो किलो मेफेड्रोन सापडलं ते आपल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत.

माझ्या पलटणीतल्या एका हवालदाराचा मुलगा, दहावीत. ऑक्टोबर महिना. वर्गात दप्तरं तपासली, त्याच्या कंपासपेटीत कॅप्सूलची अर्धी स्ट्रिप निघाली. बाप तेव्हा पोस्टवर, आईला बोलावलं. दोन दिवसांनी बाप रजा घेऊन पोहोचला. त्याला सांगितलं गेलं की शाळा काढणार नाही, तुम्हीच काढून घ्या. तो मला येऊन म्हणाला, "साहेब, मॅडम म्हणाल्या, अर्ज तुम्हीच लिहा, त्यात पोराचंच भलं आहे." त्याने अर्ज लिहिला. दाखल्यावर कारण आलं: पालकांच्या विनंतीवरून.

ही युक्ती एका शाळेची नाही, म्हणून त्या शाळेचं नाव घेण्यात अर्थ नाही. काढलं तर चौकशी हवी, नोटीस हवी, मुलाचं म्हणणं ऐकायला हवं. 'विनंती' असली की काहीच नको. सीबीएसईची नोंदणी नववीतच झालेली असते, दहावीत शाळा बदलायची तर बोर्डाची परवानगी लागते, आणि ऑक्टोबरात दप्तर उचललेल्या मुलाला कोणती शाळा घेते? सगळ्यांना उत्तर माहीत होतं. मॅडमनाही.

पुढचे तीन महिने तो मुलगा घरी होता. सकाळी आठ ते दोन या वेळात जी पोरं घरी किंवा नाक्यावर असतात ती कोण, हे वेगळं सांगायला नको. शाळेने त्याची संगत तोडली असं शाळेला वाटतं. त्याची चांगली संगत तोडली, वाईट तशीच राहिली. आणि या पदार्थांचा एक गुणधर्म आमच्या डॉक्टरसाहेबांनी मला समजावला, तो प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलाच्या काचेखाली असायला हवा. अफूच्या जातीचं औषध अचानक थांबलं की पहिले काही दिवस अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, जुलाब होतात, झोप उडते. ते संपलं की शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. मग महिन्याभराने एकटेपणात त्याने जुनाच डोस घेतला तर तोच डोस जीव घेऊ शकतो. म्हणजे घाबरवून थांबवलेलं आणि मग एकटं सोडलेलं मूल आधीपेक्षा जास्त धोक्यात असतं. 'सापडला की दाखला' हा नियम नेमकं हेच करतो.

कायदा काय म्हणतो तेही बघू, कारण शाळा कायम कायद्याच्या आडून बोलतात. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम १६ सांगतं की आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. चांगलं कलम आहे, पण नववीच्या पहिल्या दिवशी हे कवच गळून पडतं, आणि ज्या वयात मूल पहिल्यांदा कुणाच्या तरी हातून काहीतरी घेतं ते वय नेमकं तिथून सुरू होतं. २०१५चा बालन्याय कायदा तर अठरा वर्षांखालच्या, नशेच्या जाळ्यात ओढल्या जाण्याची शक्यता असलेल्या मुलाला 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' म्हणतो. किरकोळ गुन्ह्यात एकट्या बालकावर पोलीससुद्धा एफआयआर नोंदवत नाहीत, नियमच तसा आहे. त्याच कायद्यात 'नव्याने सुरुवात' हे तत्त्व आहे: मुलाचा जुना रेकॉर्ड पुसून टाकायचा. एनडीपीएसचं कलम ६४-अ तर मोठ्या माणसालाही सांगतं की थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला गेला तर खटला नाही. पोलीस, न्यायालय आणि सेना या तिन्हींकडे मुलाला किंवा माणसाला परत घ्यायची वाट आहे. वाट नाही ती फक्त शाळेकडे, जिथे शिकवणं हेच काम आहे. दाखल्यावरच्या 'वर्तणूक' या रकान्यात एक शब्द लिहिला की तो शब्द आयुष्यभर त्याच्या फाइलमध्ये राहतो. आमच्याकडे नायकाचा 'एस-३'सुद्धा परत 'एस-१' होतो.

'झीरो टॉलरन्स' हा शब्द आपण अमेरिकेकडून उचलला. तिथल्या शाळांनी तो नव्वदच्या दशकात डोक्यावर घेतला होता, आणि २००८मध्ये त्यांच्याच मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या कृतिगटाने अहवाल दिला की त्याने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचं दिसत नाही. त्यांनी टाकून द्यायला घेतलेला माल आपण कौतुकाने वापरतोय.

आता समोरची बाजू. ती खोटी नाही. एक शिक्षिका मला म्हणाल्या, "सर, माझ्या वर्गात आणखी बेचाळीस मुलं आहेत, त्यांच्या आईवडिलांना मी काय सांगू?" या प्रश्नाला माझ्याकडे आदर आहे. जो मुलगा दुसऱ्याला विकतो, दुसऱ्याच्या तोंडाला लावतो, त्याला वर्गापासून वेगळं करावंच लागेल. तो स्वतः कुणाचं तरी प्यादं असतो आणि मुलाला असं वापरणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, हे विसरू नये, पण वेगळं करावं लागेल. मात्र घेणारा आणि विकणारा यांत फरक करणं हे शाळेचं काम आहे. सापडलेल्या सगळ्यांना एकच दाखला देणं म्हणजे हे काम टाळणं. आणि त्या बेचाळीस जणांचं म्हणाल, तर दाखल्याने ते एकच गोष्ट शिकतात: कुणाला सांगायचं नाही. मित्र बाथरूममध्ये बेशुद्ध पडला तरी सांगायचं नाही, कारण सांगितलं तर त्याची शाळा जाईल. असली पलटण घेऊन मी गस्तीला जाणार नाही.

शिक्षक डॉक्टर नाहीत, हेही खरं. कंपनी कमांडरही नसतो. त्याचं काम ओळखणं, पाठवणं आणि परत आल्यावर जागा राखून ठेवणं. जवळपास प्रत्येक जिल्ह्यात सरकारी रुग्णालय आहे, १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे. सर्वोच्च न्यायालयाने तर १४ डिसेंबर २०१६ रोजीच बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर केंद्राला मुलांमधल्या व्यसनाची देशभर पाहणी आणि राष्ट्रीय आराखडा करायला सांगितलं होतं. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत एम्सच्या डॉक्टरांनी नोंदवलं की नुसत्या हुंगण्याच्या नशेसाठी, म्हणजे सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर यांसाठी, दहा ते सतरा वयाच्या ४.६ लाख मुलांना मदतीची गरज आहे. या सगळ्यांना दाखले द्यायचे का?

जुन्या साहेबांपैकी कुणीतरी आता लिहिणारच की "आमच्या वेळी दोन छड्या पुरत होत्या." साहेब, तुमच्या वेळी केमिस्ट ओळखीचा होता आणि मुलाला गोळी दिली की संध्याकाळी तुमच्या वडिलांना सांगत होता. छडीचं श्रेय त्या केमिस्टला द्या.

पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा शाळेकडे नियम लेखी मागा. पहिल्यांदा सापडलेल्या मुलाचं काय करणार? त्याचं म्हणणं कोण ऐकणार? स्वतःहून येऊन सांगितलं तर शिक्षा नाही, असं कुठे लिहिलंय का? उपचाराच्या काळात हजेरी कशी धरणार? दाखल्यावर काय लिहिणार? आणि शाळेच्या फाटकाबाहेरच्या दुकानाविरुद्ध शेवटची तक्रार कधी केली? शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे, नुसतं फाटकात उभं राहून मोजता येईल एवढं ते अंतर आहे.

आमचा हवालदार त्या कॅप्सूलच्या मागे लागला. मुलगा आमच्या मिलिटरी हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडे जायला लागल्यावर त्याने दुकानाचं नाव सांगितलं. मुलाला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय असं औषध देणाऱ्याला कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे ॲडज्युटंटने त्याला वाचून दाखवलं. अर्ज तयार झाला. त्याला जोडायला शाळेचं एक पत्र हवं होतं: अमुक दिवशी दप्तर तपासणीत अमुक कॅप्सूल सापडल्या, एवढंच. हवालदार दोनदा गेला, तिसऱ्यांदा मी सुभेदार मेजर साहेबांना सोबत पाठवलं. ऑफिसातल्या बाबूने रजिस्टर काढून दाखवलं. त्या तारखेला असा कुठलाही प्रकार शाळेत घडलेला नाही. विद्यार्थ्याने पालकांच्या विनंतीवरून शाळा सोडली आहे.