पुंगळी काढलेली गाडी आणि आमचा चौथीचा वर्ग



आमची शाळा अगदी रस्त्याला लागून आहे. खिडकीशेजारी बसणाऱ्या पोरांना येणारी एसटी कुठल्या गावची हे पाटी न वाचता सांगता येतं. त्यामुळे आवाजाची आम्हाला सवय आहे. ट्रॅक्टर जातो, उसाची ट्रॉली जाते, भंगारवाला ओरडत जातो. आम्ही दोन सेकंद थांबतो आणि पुढे सुरू करतो.

पण मागच्या महिन्यात एक प्रसंग घडला. चौथीत एक मुलगी आहे, खूप लाजरी. जूनपासून ती एकदाही स्वतःहून वाचायला उभी राहिली नव्हती. त्या दिवशी राहिली. पुस्तक तोंडासमोर धरून, बारीक आवाजात, दोन ओळी वाचल्या. तेवढ्यात बाहेरून फट फट फट फटाक! असा एक बुलेटवाला गेला. शेवटचा बार तर शाळेच्या फाटकासमोरच काढला. सगळी पोरं खिडकीकडे पळाली, दोघांनी तोंडाने तसाच आवाज काढला, वर्ग खो खो हसायला लागला. वर्ग शांत करून मी वळून बघतो तर ती मुलगी खाली बसलेली. "वाच ना बाळा," म्हटलं. तिने मान हलवली. त्या आठवड्यात ती परत उभी राहिली नाही.

गाडीवाला मी ओळखला होता. माझाच जुना विद्यार्थी. आता आयटीआयला आहे, मोटर मेकॅनिकला. वय वर्षे 17.

संध्याकाळी तो चौकात भेटला. मी रागातच गेलो होतो, पण तो इतक्या आनंदाने समोर आला की माझा पहिला शब्दच अडकला. "सर, ऐकला का आवाज? मी स्वतः केलंय. पुंगळी काढली, आतले पडदे कापले आणि परत वेल्डिंग मारलं." वेल्डिंग बघितलं. खरं सांगतो, चांगलं होतं, सरळ आणि एकसारखं. हा तोच मुलगा, ज्याच्या प्रगतिपुस्तकावर मी दोन वर्षं 'लेखनात सुधारणा आवश्यक' एवढंच लिहीत होतो. त्याच्या हातात कला आहे हे मला त्याच्या सायलेन्सरवरून कळलं. ही माझी चूक आहे आणि ती इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

मी त्याला विचारलं, "आवाज कशासाठी वाढवलास?" म्हणाला, "वाढवला नाही सर, खोल केला. बेस पाहिजे. जुन्या बुलेटसारखा."

हा मुद्दा मला पटत नव्हता, म्हणून घरी येऊन वाचलं, गावातल्या मेकॅनिकशी बोललो. जे समजलं ते इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण पोरांना 'आवाज करू नको' एवढंच सांगितलं तर ती ऐकत नाहीत. त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर द्यायला लागतं.

इंजिनात पेट्रोल पेटतं, पिस्टन खाली ढकलला जातो, मग झडप उघडते आणि तापलेला, दाबाखालचा धूर एकदम पाइपात सुटतो. प्रत्येक वेळी दाबाची एक लाट निघते. आपण जो ठोका ऐकतो तो ही लाट. आता गणित बघा, सातवी-आठवीच्या पोरांना सहज घालता येईल असं आहे. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक ठोका. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला 1000 फेरे मारत असेल, तर मिनिटाला 500 ठोके, म्हणजे सेकंदाला साधारण 8. एवढे सावकाश ठोके कानाला वेगवेगळे कळतात, म्हणून धक धक धक. तेच 3000 फेऱ्यांना सेकंदाला 25 ठोके होतात. मग ते एकमेकांत मिसळतात आणि भर्रर्र ऐकू येतं. जुन्या बुलेटचं ते प्रसिद्ध धकधक म्हणजे मोठा एकच सिलिंडर आणि सावकाश फिरणारं इंजिन. ते इंजिनातून येतं. पुंगळी काढल्याने ठोक्यांची संख्या एकानेही कमी होत नाही.

मग सायलेन्सर काय करतो? आत खोल्या असतात, पडदे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात. लाट एका खोलीत पसरते, भिंतीवर आपटून मागे येते, मागून येणाऱ्या लाटेला भिडते आणि दोघींचा जोर मोडतो. काही सायलेन्सरांत काचेचा कापूस भरलेला असतो, तो कर्कश, बारीक आवाज पिऊन टाकतो. जाड, खालचा आवाज मात्र त्याला तेवढा दाबता येत नाही. म्हणजे गंमत बघा, गाडीचा आवाज खोल वाटायचा असेल तर वरचा कर्कश आवाज चांगला दाबायला पाहिजे. पुंगळी काढून, पडदे कापून होतं उलटंच. धकधक मोठी होते हे खरं, पण तिच्याबरोबर सगळी कर्कश घाण बाहेर येते.

हे वर्गात दाखवायला मी एक प्रयोग केला. शाळेचा कवायतीचा स्पीकर घेतला, मोबाइलवर ढोल-ताशाची फीत लावली. मग त्यावर एक गोधडी टाकली, मग दुसरी. पोरांना विचारलं, "काय गेलं?" एक पोरगं लगेच म्हणालं, "ताशा गेला, ढोल राहिला." बरोबर. लांबून मिरवणूक येते तेव्हाही आधी ढोलच ऐकू येतो ना, तसंच. गोधडी म्हणजे सायलेन्सर. त्या दादाने गोधडी फाडून टाकली, म्हणून त्याच्या गाडीतून ताशा कानावर आदळतो. कोणत्याही शाळेत करता येईल असा प्रयोग आहे, जरूर करून बघा. फक्त गोधडी स्वच्छ आणा, आमच्या वर्गात धुळीने सगळी शिंकत होती.

आणि ते फटाके? चालत्या गाडीत चावी बंद करायची, पेट्रोल न पेटता तसंच तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं, चावी परत चालू केली की तिथे एकदम पेटतं. म्हणजे आपल्या बापाच्या पैशाचं पेट्रोल आपण नळकांड्यात जाळतो. सायलेन्सर फुटायची भीती वेगळीच. नव्या गाड्यांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्याचंही यात वाटोळं होतं. 'पॉवर वाढते' असंही पोरं म्हणतात. शर्यतीच्या गाडीला इंजिनासकट सगळं जुळवून घेतात. आपण घरी नुसतं नळकांडं पोकळ केलं तर इंधन आणि हवेचा मेळ बिघडतो, बाकी काही नाही.

डेसिबलचं सांगायलाच हवं. 175 सीसीच्या वरच्या दुचाकीला कारखान्यातून बाहेर पडताना 80 डेसिबलची मर्यादा आहे, साडेसात मीटरवरून मोजलेली. पोरांना वाटतं, 80 चे 100 झाले तर काय, वीसच वाढले. पण हे माप बेरजेचं नाही. 10 डेसिबल वाढले की आवाजाची ताकद 10 पट, 20 वाढले की 100 पट. मी त्याला एवढंच म्हटलं, "समज तुझी गाडी 80 वरून 100 वर गेली. मग तू एकटा जातोस तेव्हा शंभर बुलेट एकदम गेल्यासारखं होतं." त्यावर तो हसला. त्याला ते आवडलंच असावं, अशी मला शंका आहे!

शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्या भोवतालचा 100 मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि तिथली मर्यादा दिवसा 50 डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून आवाजाचे नियम मोडल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवाना तीन महिने रद्द, अशी तरतूद आहे. पालकांनी याच्यापुढचं कलम नीट वाचावं. चालवणारा 18 च्या आतला असेल तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि त्या पोराला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही. मी हे त्याच्या वडिलांना सांगितलं. ते गप्प झाले, मग म्हणाले, "सर, तुमचं खरं आहे. पण सकाळची एसटी वेळेवर येत नाही. पोरगं आयटीआयला जाणार कसं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

पोलिसांची कारवाई होते. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यावरून रोड रोलर फिरवतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. माझं स्पष्ट मत आहे की याने फार काही होत नाही. तसला सायलेन्सर दुकानात उघड टांगलेला असतो, तो विकणाऱ्याच्या दारात रोलर जात नाही. आणि पोरांना त्या फोटोत नवीन डिझाइन बघायला मिळतात, हे मी कानांनी ऐकलंय.

त्या पोराने मला एक प्रश्न विचारला, तो मी लपवत नाही. "सर, मिरवणुकीत डीजे लागतो तेव्हा खिडक्या थरथरतात. तुम्हीपण असता की तिथे. तेव्हा कोण बोलत नाही, माझीच गाडी दिसते?" काय सांगणार? आपण मोठी माणसं लग्नात, वाढदिवसाला, निवडणूक जिंकल्यावर जे करतो, ते बघत ही पोरं वाढली. आवाज मोठा तो माणूस मोठा, हे त्यांना शिकवलं कुणी? मी एवढंच म्हणालो की डीजेही चूकच आहे, आणि मी तिथे गप्प उभा होतो हीही चूक.

आणखी एक चूक सांगतो, म्हणजे मी फार शहाणा आहे असं कुणाला वाटायला नको. डीएडच्या दुसऱ्या वर्षाला, 2009 साली, माझ्याकडे एक सेकंडहँड 100 सीसीची गाडी होती. मीही पुंगळी काढली होती. मेकॅनिकने 50 रुपये घेतले. 100 सीसीतून बुलेट निघत नाही, निघायचा तो पत्र्याच्या डब्यात खडे टाकल्यासारखा आवाज. पण होस्टेलच्या पोरांना मी आल्याचं कळायचं, आणि मला तेवढंच पाहिजे होतं. मी खोली बदलून भाड्याने राहायला गेलो, तिथे घरमालकांची आई खालीच झोपायची. एकदा म्हणाली, "बाळा, तुझी गाडी आली की माझ्या छातीत धडधडतं रे." मी हसून 'हो आजी' म्हटलं. पुंगळी बसवली नाही. गाडी विकेपर्यंत तशीच होती. आता माझी स्वतःची मुलगी नऊ महिन्यांची आहे. रात्री साडेदहाला रस्त्यावरून असली गाडी गेली की ती दचकून, दोन्ही हात वर करून उठते. तेव्हा मला दरवेळी ती आजी आठवते.

जाता जाता एक गोष्ट. मशीनगन बनवणारा हायरम मॅक्सिम बंदुकांच्या आवाजाने पुढे बहिरा झाला. त्याचाच मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम याने 1909 साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. तेच तत्त्व पुढे त्याने इंजिनाच्या सायलेन्सरलाही लावलं. ही गोष्ट मी चौथीत सांगितली. पोरांना फार आवडली, बाप-लेकाची आहे म्हणून असेल.

मी त्या मुलाला एक काम सांगितलंय. शाळेत ये, एक जुना भंगार सायलेन्सर मधोमध उभा काप, आणि आतल्या खोल्या पोरांना दाखव. तू शिकवायचं, मी मागच्या बाकावर बसतो. तो 'बघू' म्हणाला, पण कान लाल झाले होते. मागच्या शनिवारी खरंच आला, पोत्यात गुंडाळून सायलेन्सर घेऊन. पाऊण तास बोलला. एवढा वेळ माझ्या वर्गात तो कधीच बोलला नव्हता, मीही कधी बोलू दिलं नव्हतं. त्या लाजऱ्या मुलीने त्याला विचारलं, "दादा, मग तुमच्या गाडीत ह्या खोल्या का नाहीत?" वर्ग परत हसला, आणि यावेळी ती बसली नाही.

त्याने काही उत्तर दिलं नाही. त्याचा कंपनीचा मूळ सायलेन्सर घरी माळ्यावर आहे, वडील सांगत होते. बसवायला अर्धा तास लागतो. अजून बसवलेला नाही. काल सकाळी मात्र तो शाळेवरून गेला तेव्हा फाटकापाशी गिअर बदलून अगदी हळू गेला. आवाज आलाच, पण बार काढला नाही. सोमवारी मी त्याच्या घरी परत जाणार आहे.