तूप आणि अहवाल
भात-पोळीस फारकत देऊन तूप, लोणी, खोबरे, अंडी आणि पनीर यांवरच देहयात्रा चालविणाऱ्या मंडळींचा उत्साह वजनकाट्याचा कौल अनुकूल असेतोवर अढळ असतो. परंतु रात्रभराच्या उपोषणानंतर दिलेल्या रक्ताचा अहवाल हाती पडून, त्यात ट्रायग्लिसराइड उतरलेले, एचडीएल हे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल किंचित चढलेले, पण एलडीएल या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा आकडा मात्र १९०च्या पलीकडे गेलेला दिसला, की तोच उत्साह नाना सबबी शोधू लागतो. (तीनपैकी दोन आकडे अनुकूल म्हणजे बहुमत झाले, असा युक्तिवाद सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकू येतो, जणू धमन्यांत मतदानच चालते!) वस्तुतः यकृताच्या पेशींवर एलडीएल रक्तातून उचलून घेणारे जे ग्राही घटक असतात, आणि ज्यांच्या संशोधनामुळे ब्राउन व गोल्डस्टीन या द्वयास १९८५चे नोबेल पारितोषिक प्राप्त झाले, त्यांचे कार्य संपृक्त स्निग्धांच्या अतिसेवनाने मंदावते, आणि उचल मंदावली की रक्तातील साठा वाढतो. वजन झपाट्याने उतरत असताना हे आकडे काही काळ हेलकावे खातात, हेही खरे. म्हणून एकाच अहवालावर फैसला न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने फेरतपासणी करावी, आणि तीतही एलडीएल चढेच राहिले तर तुपाची वकिली थांबवून शेंगदाण्याचे वा करडईचे तेल, डाळी आणि भाज्या यांची ताटातील जुनी वहिवाट पूर्ववत सुरू करावी. मात्र डॉक्टरांसमोर आपण रोज किती लोणी खातो, याची जबानी खरी द्यावी.