औरंगजेबाची भूमिका कोण करणार?

गेल्या डिसेंबरात शाळेच्या गॅदरिंगसाठी मी संभाजी महाराजांवर वीस मिनिटांची नाटिका बसवत होते. विषय मुलांनीच सुचवला. सगळ्यांनी 'छावा' पाहिलेला, संवाद तोंडपाठ. भूमिका वाटताना औरंगजेब मी सातवीतल्या एका मुलाला दिला. त्याचे उर्दू उच्चार स्वच्छ आहेत, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

मधल्या सुट्टीत तो स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, मला दुसरं कायबी द्या. मावळा द्या, भालदार द्या. ते नको."

"का रे?"

"मग वर्षभर मला त्याच नावानं हाक मारतील."

मी त्याला नट आणि पात्र यांतला फरक समजावायला लागले आणि अर्ध्यात थांबले. वर्गात पन्नासेक मुलं आहेत. त्यांतून औरंगजेब शोधताना माझी नजर एका मुसलमान मुलावर गेली होती. बी.एड.ला बालमानसशास्त्र शिकलेली मी, वीस वर्षं उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारी मी, स्वतः मुसलमान असलेली मी. माझ्याही डोक्यात ही वाटणी आधीच कुणीतरी करून ठेवली होती. ती कुणी आणि कशी केली, हे मला या लेखात मांडायचं आहे.

आधी एक गोष्ट साफ करते. मी कुठल्याही सिनेमावर किंवा मालिकेवर बंदी मागत नाही. औरंगजेबाला चांगला दाखवा, असंही माझं म्हणणं नाही. ११ मार्च १६८९ रोजी संभाजीराजांना ज्या पद्धतीनं मारलं गेलं ती क्रूरताच होती, आणि ती दाखवण्याचा हक्क कलावंताला आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. ऐतिहासिक कादंबरी पडद्यावर आणताना राज्याराज्यांतली लढाई गाळली जाते आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांतली लढाई शिल्लक ठेवली जाते. मग पडदा संपतो आणि शेजारी मात्र तिथंच असतो.

कोल्हापूरकराला कादंबरी पडद्यावर आणण्याचं अप्रूप सांगायला नको. हरी नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'वरून बाबूराव पेंटरांनी 'सिंहगड' हा मूकपट १९२३ साली याच शहरात काढला. 'स्वामी' आणि 'श्रीमान योगी' लिहिणारे रणजित देसाई आपल्या चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. 'छावा'कार शिवाजी सावंत आजऱ्याचे, आणि ते कोल्हापुरात शिक्षक होते, म्हणजे माझ्याच पेशातले. महाराष्ट्राच्या डोक्यातला इतिहास ज्या कादंबऱ्यांनी घडवला त्यांतल्या निम्म्या आमच्या जिल्ह्याच्या मातीतून आल्या, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

'स्वामी' दूरदर्शनवर मालिका म्हणून आली तेव्हा मी लहान होते. रवींद्र मंकणी माधवराव, मृणाल देव रमाबाई, दिग्दर्शन गजानन जागीरदारांचं. आमच्या घरी टीव्ही नव्हता. अब्बा आम्हाला घेऊन शेजारच्या काकूंकडे जायचे आणि खाली सतरंजीवर बसून मालिका बघायचे. आता त्या काळाचा इतिहास बघा. १७६२ साली पुतण्याविरुद्ध निजामाची मदत घेतली ती सख्ख्या काकानं, राघोबादादानं. माधवरावाचं दुखणं घरातलं, दरबारातलं आणि छातीतल्या क्षयाचं होतं. निजाम शत्रू होता, पण कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला असलेला एक राज्यकर्ता म्हणून. ती मालिका बघून काकूंच्या मुलांनी आम्हाला निजाम म्हणून हाक मारल्याचं मला आठवत नाही. माधवराव गेले तेव्हा अब्बा आणि काकू दोघंही डोळे पुसत होते.

आता आजचं बघू. तोच सिंहगड २०२० साली 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटातून पुन्हा पडद्यावर आला. गडावरचा मोगल किल्लेदार उदेभान राठोड हा राजपूत. इतिहासात त्याबद्दल वाद नाही. पण सैफ अली खाननं रंगवलेला उदेभान बघा. काळा पेहराव, ती दाढी, ती नजर, ते विक्षिप्त क्रौर्य. हा राठोड आहे हे प्रेक्षकाच्या लक्षात तरी राहतं का? खलनायक राजपूत असला तरी त्याला आमचे कपडे घालूनच उभं करायचं. तेही आम्ही कधी घालत नाही असे कपडे.

सिनेमावाले म्हणतील, अडीच तासांत किती दाखवणार? ठीक आहे. पण मालिकेला तर वेळच वेळ आहे. झी मराठीवर 'स्वराज्यरक्षक संभाजी' सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२० चालली, जवळजवळ अडीच वर्षं. उद्या कुणी 'छावा'वर वेब मालिका करायला घेतली तरी त्याला तासन् तास मिळतील. मग त्या वेळात या काळातलं काय काय दाखवता येईल?

१६८१ साली औरंगजेबाचा मुलगा, शहजादा अकबर, बापाविरुद्ध बंड करून दुर्गादास राठोडासह संभाजीराजांच्या आश्रयाला आला. मोगल बादशहाचा मुलगा सहा वर्षांच्या आसपास मराठ्यांच्या मुलखात राहिला आणि १६८७ साली समुद्रमार्गे इराणला गेला. राजांविरुद्ध कट करणाऱ्या कारभाऱ्यांनी याच अकबराला पत्र लिहून आपल्या बाजूला ओढायचा प्रयत्न केला, आणि अकबरानं ती गोष्ट राजांना कळवली, असं इतिहासकार सांगतात. कटवाले स्वराज्यातले आणि सावध करणारा औरंगजेबाचा पोटचा पोर. कुठल्याही पटकथा लेखकाला हे सोनं वाटायला हवं. पडद्यावर अकबर येऊन जातो, पण त्याच्यामुळे जो प्रश्न उभा राहतो त्याच्याजवळ कुणी थांबत नाही.

पुढे बघा. दख्खनमध्ये उतरल्यावर औरंगजेबानं बुडवलेली पहिली दोन मोठी राज्यं कुणाची होती? १६८६ साली विजापूर, १६८७ साली गोवळकोंडा. दोन्हीकडे मुसलमान सुलतान. या स्वाऱ्यांना धर्माची मान्यता द्यायला मोगल दरबारचा मुख्य काझी शेख-उल-इस्लाम यानं नकार दिला आणि पद सोडलं. गोवळकोंड्याचा अबुल हसन तानाशाह दौलताबादच्या किल्ल्यात कैदेतच मेला. आणि संगमेश्वरला राजांना पकडणारा मुकर्रबखान? तो मूळचा गोवळकोंड्याच्या चाकरीतला शेख निजाम, धनी बदलून मोगलांकडे गेलेला. त्या स्वारीवर तो निघाला तो कोल्हापूरकडूनच. त्या काळी लोक वतनासाठी, मनसबीसाठी, सूडासाठी आणि पोटासाठी बाजू बदलत होते, दोन्ही धर्मांतले.

आणि कथा ११ मार्च १६८९ लाच का संपते? येसूबाई त्यानंतर तीस वर्षांनी, १७१९ साली मोगलांच्या कैदेतून सुटल्या. नवऱ्याचा असा अंत, लहान मुलगा कडेवर, रायगड पडलेला, आणि शत्रूच्या छावणीत सगळं तारुण्य काढायचं. त्या छावणीत औरंगजेबाची मुलगी झीनतउन्निसा हिनं या माय-लेकरांना माया लावली, हेही इतिहासात सांगितलं जातं. मालिकेसाठी याहून मोठा विषय कुठला? पण या गोष्टीत शेवटी तलवार उगारता येत नाही, म्हणून ती गाळली जाते.

आता भाषेबद्दल बोलते, कारण ती माझी रोजीरोटी आहे. ऐतिहासिक मालिकांत मराठे शुद्ध, संस्कृत वळणाची मराठी बोलतात आणि मुसलमान पात्रं कुणीच कधी न बोललेली धेडगुजरी हिंदी-उर्दू. भाषेवरूनच कळतं, टाळी कुठं वाजवायची आणि दात कुठं खायचे. खरी परिस्थिती काय होती? पेशवा, सरनोबत, मुजुमदार, हवालदार, किल्लेदार, शिलेदार हे सगळे शब्द फारसी-अरबी घरातून आलेले. दरबारी मराठीत ते इतके मुरले होते की त्यांना संस्कृत पर्याय देण्यासाठी शिवाजी महाराजांना 'राज्यव्यवहारकोश' करून घ्यावा लागला. त्याच महाराजांच्या आरमारात दौलतखान अधिकारी होता. तो आपल्या खलाशांशी कुठल्या भाषेत बोलत असेल? मालिकेतल्या खानासारखं 'हम तुमको' नक्कीच म्हणत नसणार.

आणि आमच्या घरातली दखनी? ती विजापूर-गोवळकोंड्याच्या दरबारांत वाढली, नुस्रतीसारख्या कवींनी तिला मोठं केलं. ते दोन्ही दरबार औरंगजेबानं मोडले. म्हणून वर्गात उर्दू शिकवताना मला कधी कळत नाही, की जो माणूस माझ्या भाषेचं घर उद्ध्वस्त करून गेला तो माझा पूर्वज कसा ठरला? आणि कुणी ठरवला?

इथं माझ्या माणसांशीही मला बोलायचं आहे. जून २०२३ मध्ये काही पोरांनी मोबाइलवर औरंगजेबाचे स्टेटस ठेवले. ७ तारखेला कोल्हापूर बंद झालं, दगड पडले, लाठ्या चालल्या, इंटरनेट तोडलं गेलं. ज्यांनी दगड मारले त्यांची बाजू मी घेत नाही आणि कधी घेणारही नाही. पण भावांनो, तुम्ही ज्याचा फोटो लावला त्याच्याबद्दल तुम्हाला काय माहीत होतं? ज्या मालिकांनी तो तुमच्या गळ्यात बांधला, त्यांचंच म्हणणं तुम्ही खरं करून दाखवलंत. समोरचा म्हणाला, 'हा तुमचा', आणि तुम्ही म्हणालात, 'हो, आमचाच'. ज्या शहरात शाहू महाराजांनी १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली, मुस्लिम बोर्डिंग उभं केलं, त्या शहरातल्या पोराला अभिमानासाठी दिल्लीचा बादशहा उसना आणावा लागतो, यात आमच्या घरांचं आणि आम्हा शिक्षकांचंही अपयश आहे.

मात्र निर्मात्यांना यातून सुटका नाही. 'छावा'च्या वेळी काय झालं ते आठवा. ट्रेलरमधल्या लेझीमच्या दृश्यावर आक्षेप आला, दृश्य काढलं गेलं. शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी-कान्होजींच्या चित्रणावर आक्षेप घेतला, दिग्दर्शकांनी माफी मागितली. म्हणजे कादंबरीवरून बनवलेली गोष्ट बदलता येते. कुणाच्या तरी भावनेची दखल घेता येते. फितुरीचा डाग आडनावावर पडू नये, ही शिर्क्यांची मागणी मला समजते. तीनशे वर्षांपूर्वीच्या दोन माणसांसाठी आजच्या घराण्याला जबाबदार धरू नये, हे बरोबरच आहे. मग हाच न्याय माझ्या सातवीतल्या मुलाला का नाही? शिर्के निदान गणोजींचे वंशज आहेत. हा मुलगा तर औरंगजेबाचा कुणीच लागत नाही. त्याचा बाप राजारामपुरीत गॅरेजवर काम करतो.

१७ मार्च २०२५ ला नागपुरात दंगल झाली, त्यात एकाचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी खुद्द मुख्यमंत्र्यांनीच विधानसभेत सांगितलं, की 'छावा'मुळे औरंगजेबाविरुद्धच्या लोकांच्या भावना पेटल्या. 'ही केवळ कलाकृती आहे' असं सुरुवातीच्या पाटीवर लिहून निर्माता मोकळा होतो. पण थेटरातून बाहेर पडणाऱ्याला ती पाटी आठवत नाही. त्याला आठवतो तो सुरमा, ती दाढी, तो उच्चार. आणि नेमकं तेच त्याला बाहेर रस्त्यावर दिसतं.

म्हणून या कादंबऱ्यांवर मालिका करणाऱ्यांकडे माझं मागणं साधं आहे. कादंबरी ही कादंबरी म्हणून दाखवा, तिच्यावर इतिहासाचा शिक्का मारून विकू नका. तुमच्याकडे भाग शंभर असतील तर त्यातले चार अकबराला द्या, चार विजापूर-गोवळकोंड्याला द्या, दहा येसूबाईंना द्या. स्वराज्याच्या बाजूनं लढलेला मुसलमान दाखवायचा तर तो धन्यासाठी मरून जाणारा एका दृश्याचा इमानी नोकर नको. त्याला घर द्या, मत द्या, चूक करायची मुभा द्या. त्याला मराठी बोलू द्या. आणि खलनायकाचं क्रौर्य त्याच्या निर्णयांतून दाखवा, त्याच्या डोळ्यांतल्या सुरम्यातून नको.

आमच्या नाटिकेचं काय झालं ते सांगून थांबते. मी सगळ्या भूमिकांच्या चिठ्ठ्या केल्या आणि डब्यात टाकल्या. त्या मुलाला कवी कलश आला. औरंगजेब आला तो घरचे चैत्रात जोतिबाची यात्रा कधी न चुकवणाऱ्या एका मुलाला. उर्दू उच्चार त्याला जमत नव्हते, ते आमच्या कवी कलशानं मधल्या सुट्टीत बसून शिकवले. गॅदरिंगला औरंगजेब असा काही गरजला, की पहिल्या रांगेतली पालक मंडळी दचकली.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला सगळ्यांनी त्याच्या नेहमीच्या नावानंच हाक मारली.