ऊसतोडीच्या फडावरचा दुखरा घसा

शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, की आसपासच्या शिवारात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटेच फडात गेलेले, धाकटे पोर मोठ्या बहिणीच्या कडेवर, एका कोपीत पाच-सहा माणसे आणि चुलीचा धूर. घशाच्या जंतूंना एकाकडून दुसऱ्याकडे जायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. ही मुले घास गिळेनाशी झाली की आपल्याकडे येतात, बहुधा संध्याकाळी उशिरा, आणि पुष्कळदा पुन्हा येत नाहीत. टोळी पुढच्या गावाला गेलेली असते.

घसादुखीवर दर हिवाळ्यात लिहावे इतका हा आजार नवा नाही. पण फडावरच्या मुलाचा घसा शाळेत जाणाऱ्या, गावातच राहणाऱ्या मुलाच्या घशासारखा हाताळून चालत नाही. या संपादकीयाचा विषय तेवढाच आहे.

टॉन्सिल सुजण्याची बहुतेक कारणे विषाणूंची असतात. नाक वाहते, खोकला येतो, आवाज बसतो, डोळे लाल होतात, आणि आठवडाभरात सगळे आपोआप ओसरते. मुलांच्या घसादुखीत साधारण 20 ते 30 टक्के वेळा कारण असते ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस, मोठ्यांत त्याहून बरेच कमी. हा जंतू ओळखण्याच्या खुणा रॉबर्ट सेंटर यांनी 1981 साली मांडल्या: ताप, टॉन्सिलवर पांढरट पू, जबड्याखाली पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी, आणि खोकला नसणे. पुढे त्यात वयाचा हिशेब जोडला गेला, कारण हा आजार मुख्यतः 5 ते 15 या वयाचा. यासाठी टॉर्च, थर्मामीटर आणि दोन बोटे पुरतात. तरीही नाक वाहणाऱ्या, खोकणाऱ्या मुलाला आपण सर्रास ॲझिथ्रोमायसिन देतो आणि वर एक स्टेरॉइडचे इंजेक्शन. मूल दुसऱ्या दिवशी खेळू लागते, पालक खूश होतात. हा उपचार नव्हे.

ज्याला खरोखर प्रतिजैविक हवे त्याच्या बाबतीत चूक उलट्या बाजूची होते. स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा, आणि त्यातून हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. दाटीवाटीची वस्ती, गरिबी आणि अपुरा उपचार जिथे एकत्र येतात तिथला हा रोग आहे. 1950 च्या सुमारास अमेरिकेतल्या वायोमिंगमधील लष्करी तळावर घसा दुखणाऱ्या जवानांना पेनिसिलिन देऊन पाहिले, तेव्हा हा ताप टळतो हे सिद्ध झाले. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू केले तरी बचाव होतो. आणि इतक्या दशकांनंतरही हा जंतू पेनिसिलिनला दाद देतो. ॲझिथ्रोमायसिनबद्दल तसे सांगता येत नाही.

अडचण आहे दहा दिवसांची. अमॉक्सिसिलिन किलोमागे 50 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जास्तीत जास्त एक ग्रॅम, पण सलग दहा दिवस. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि बाटली कोपीच्या कुडाला टांगलेली राहते. यात आईचा दोष नाही. उचल घेतलेल्या कोयत्याला मुकादम एक दिवसाची सुट्टीही सहज देत नाही. अशा मुलासाठी बेन्झाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन हा उत्तम मार्ग आहे: 27 किलोपर्यंत 6 लाख युनिट, त्यावर 12 लाख. आपल्यापैकी अनेकांनी ॲलर्जीच्या भीतीने ते देणे सोडले आहे. भीती रास्त आहे, पण तिच्यावर तयारी हा उपाय आहे. आधी ॲलर्जीची विचारपूस करा, ॲड्रेनालिन हाताशी भरून ठेवा, इंजेक्शन फक्त स्नायूत द्या, शिरेत कधीही नाही, आणि नंतर अर्धा तास मुलाला दवाखान्यातच बसवा. जिथे ही तयारी नाही तिथे दहा दिवसांचे औषध पहिल्याच भेटीत पूर्ण मोजून द्या.

सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट नजरेआड होता कामा नये, ती सिकलसेल. घसा दुखतो म्हणून मूल पाणी पीत नाही, ताप अंगातले पाणी ओढून घेतो, आणि दोन दिवसांत हातपाय ठणकू लागतात. घसा तपासताना सिकलसेलची तपासणी झाली आहे का हे विचारायला अर्धे मिनिट लागते. सिकलसेलच्या मुलाला ताप असेल तर ती घसादुखी साधी समजू नका, रुग्णालयात पाठवा.

वेदना कमी करणे हेही आपलेच काम. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, किलोमागे 15 मिलिग्रॅम, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. ॲस्पिरिन मुलांना नको. गुळण्या करता येणाऱ्या मुलाला पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, वर्षावरच्या मुलाला मध, आणि जे गिळता येईल ते पातळ अन्न. बोटाने पडजीभ किंवा गाठी दाबण्याची रीत काही घरांत अजून आहे. ती न रागावता, कारण सांगून थांबवावी.

घशात करडा, चिवट, काढू गेल्यास रक्त येणारा पापुद्रा दिसला आणि मान सुजलेली असली तर घटसर्प धरूनच चाला. लसीकरण अर्धवट राहिलेली मुले याच टोळ्यांत असतात. तोंड उघडता न येणे, लाळ गळणे, पडजीभ एका बाजूला सरकणे ही गळवाची लक्षणे आहेत. श्वास घेताना घरघर ऐकू आली तर घशात चमचाही घालू नका. ही सगळी मुले त्याच रात्री पुढे गेली पाहिजेत. आणि गुटखा खाणाऱ्या प्रौढाची एकाच बाजूची टॉन्सिल हळूहळू वाढत असेल तर प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स देण्यात महिने घालवू नका, तुकडा तपासायला पाठवा.

शस्त्रक्रियेबद्दल थोडकेच. वर्षात सात, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन खरेखुरे झटके, हा 1984 पासूनचा निकष आजही पुरेसा आहे.

या हंगामात प्रत्येक फडावरच्या मुलाच्या हाती एक कागद द्या. त्यावर मराठीत, ठळक अक्षरांत, मुलाचे वजन, तारीख, दिलेले औषध आणि एक ओळ लिहा: पुढच्या महिनाभरात सांधा सुजला किंवा धाप लागली तर हा कागद घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. टोळी बारडोलीला गेली, शहाद्याला राहिली की धडगावला परतली, तरी पुढच्या डॉक्टरला घशाचा इतिहास त्या कागदावर मिळेल.