दिल्लीला अर्ज करा, मागणी नेमकी करा

बोरीकर मंडळींनो, निवेदन देणं आपल्याला नवीन नाही. अनुदान अडलं की जिंतूरचं तहसील कार्यालय गाठायचं, तिथं काही हललं नाही की परभणीला कलेक्टर कचेरी. ही वाट सोडा असं मी म्हणत नाही. पण आणखी एक वाट आहे आणि आपण तिच्याकडे फिरकतच नाही. साध्या नागरिकाला थेट संसदेकडे अर्ज करता येतो. त्याला वकील लागत नाही, पुढारी लागत नाही, हजारो सह्याही लागत नाहीत. एकाच माणसाच्या सहीचा अर्जसुद्धा चालतो.

त्यानं होतं काय, असं विचाराल. एसटीतून किंवा साखर कारखान्यातून रिटायर झालेलं कुणीतरी तुमच्या नात्यात असेलच. त्यांना ईपीएस-९५ या पीएफच्या योजनेतून पेन्शन किती मिळते ते विचारा. या योजनेत सुधारणा मागणारा अर्ज राज्यसभेच्या याचिका समितीपुढे गेला होता. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपले राज्यपाल झाले. २०१३ च्या अहवालात समितीनं सांगितलं की किमान पेन्शन महिना ३,००० रुपये करा, तिला महागाई भत्ता जोडा आणि सरकारचा वाटा पगाराच्या १.१६ टक्क्यांवरून ८.३३ टक्क्यांवर न्या. सरकारनं सप्टेंबर २०१४ पासून किमान १,००० रुपये दिले. म्हणजे शिफारशीचा तिसरा हिस्सा. पण त्याआधी हजाराच्याही आत पेन्शन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तेवढी तरी वाढ झाली, आणि बुलढाण्यातून उभं राहिलेलं पेन्शनरांचं आंदोलन पुढे वर्षानुवर्षं याच अहवालावर बोट ठेवून बोलत राहिलं.

याच समितीनं डिसेंबर २०११ मध्ये माजी सैनिकांच्या अर्जावर 'वन रँक वन पेन्शन'ची शिफारस केली होती. तिचा आदेश २०१५ मध्ये निघाला, आणि तोही माजी सैनिक जंतरमंतरवर ठाण मांडून बसले तेव्हा. समितीची शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, हे आधीच समजून घ्या. पण समिती मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून जाब विचारते आणि ते सगळं छापील अहवालात येतं. आंदोलनाच्या हातात असा कागद असला की त्याला उडवून लावणं सोपं राहत नाही.

अर्जाची ही वाट जुनी आहे. मुंबईत जगन्नाथ शंकरशेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन काढली आणि थेट ब्रिटिश पार्लमेंटला अर्ज पाठवला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनंही पुढे तीच वाट धरली. तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. आपल्या आज्या-पणज्यांना अर्ज करायला स्वतःची संसद नव्हती. आपल्याला ती आहे, म्हणून मला याची एवढी तळमळ आहे.

आता अर्ज कसा करायचा ते. आधी विषय कुणाचा ते ठरवा. येलदरीचं पाणी, झेडपीची शाळा, महावितरण हे राज्याकडचं. त्यासाठी मुंबईत विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे. रेल्वे, टपाल, पीएफ, राष्ट्रीयीकृत बँका, हमीभाव हे दिल्लीचं. कोर्टात चालू असलेला विषय संसद घेत नाही. एकट्यादुकट्याचं गाऱ्हाणंही या अर्जात बसत नाही, विषय सार्वजनिक हिताचा लागतो. 'माझी पेन्शन थांबली' असं नको. कोणत्या नियमामुळे आपल्यासारख्या सगळ्यांची पेन्शन अडते आणि तो नियम कसा बदलावा, ते लिहा.

बहुतेक अर्ज मागणीतच कच्चे राहतात. 'कापूस उत्पादकांना न्याय द्या' यावर कोणता अधिकारी काय करणार? त्याऐवजी लिहा, की कापूस महामंडळ (सीसीआय) १२ टक्क्यांहून जास्त ओलाव्याचा कापूस हमीभावानं घेत नाही, वेचणीत पाऊस झाला की आमचा माल परत येतो आणि व्यापाऱ्याला पडेल भावात द्यावा लागतो, म्हणून अशा वर्षी ही मर्यादा अमुक टक्क्यांपर्यंत वाढवावी. असा अर्ज समितीनं विचारात घेतला की मंत्रालयाला हो किंवा नाही म्हणावंच लागेल, आणि नाही म्हटलं तर कारण द्यावं लागेल.

भाषा सभ्य ठेवा. राज्यसभेसारखाच लोकसभेकडेही अर्ज करता येतो; तिथल्या अर्जाला कात्रणं, दाखले, पत्रं जोडता येत नाहीत, म्हणून आकडे मजकुरातच घाला. मराठीत लिहा, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर हवं आणि त्यावरही सही हवी. गावात शिकलेली पोरंपोरी आहेत, हे काम त्यांच्याकडे द्या. प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहा. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा चालतो, तेव्हा आयाबायांना वगळू नका. कापूस वेचणाऱ्या त्याच आहेत.

अर्ज लोकसभेच्या महासचिवांकडे पाठवता येतो, किंवा आपल्या खासदारांची प्रतिस्वाक्षरी घेऊन त्यांच्या हातून सभागृहात मांडता येतो. मी म्हणेन, आधी खासदारांकडे जा. सभागृहात मांडलेल्या अर्जाचं वजन वेगळं असतं. त्यांनी टाळाटाळ केली तर थांबू नका, स्पीड पोस्ट करा.

येत्या ग्रामसभेत एकच विषय निवडा आणि मसुदा लिहायला तिघाचौघांची नावं तिथंच ठरवा. अर्ज गेला की एक प्रत आणि पोस्टाची पावती ग्रामपंचायतीत ठेवा, आणि दर ग्रामसभेत दिल्लीहून काय उत्तर आलं ते उभं राहून विचारा.