तिबेटी निर्वासितांना सरकारी योजनांचा लाभ मिळतो का?

तिबेटी वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबाला स्वस्त धान्य, रोजगार हमीचे काम किंवा घरकुल मिळू शकते का? कागदावर याचे उत्तर ‘होय’ आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात मनरेगा, सार्वजनिक वितरण व्यवस्था, इंदिरा आवास योजना आणि राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज यांचा उल्लेख आहे. वसाहतींच्या जमिनी २० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देणे आणि व्यवसायाचे परवाने देणे, याचीही त्यात तरतूद आहे.

मग अडते कुठे? जमीन, शिधापत्रिका, परवाना हे सगळे राज्य सरकारच्या हातात असते. केंद्राने धोरण केले तरी तलाठी किंवा पुरवठा कार्यालयापर्यंत आदेश पोहोचावा लागतो. शिवाय योजनांची नावे बदलतात. इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली, पण धोरणाच्या कागदावर जुनेच नाव आहे. अर्ज करताना धोरणाची प्रत सोबत ठेवा.

एक शब्दाची गंमत. आपण ‘निर्वासित’ म्हणतो, तेव्हा उल्हासनगरला आलेले सिंधी आठवतात. ते मात्र नागरिक झाले. तिबेटी माणूस भारतीय कायद्यात ‘विदेशी’ आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. म्हणून पोलिसांकडून मिळणारे नोंदणी प्रमाणपत्र हाच त्यांचा सर्वांत महत्त्वाचा कागद. त्याची मुदत संपली, तर पुढचे सगळे अर्ज अडकतात. तरीही संविधानातील जीविताचा हक्क नागरिक नसलेल्यांनाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात स्पष्ट केले.

या कामात मदत करणारे लोक दोन प्रकारचे आहेत. धरमशाला येथील तिबेटी मानवाधिकार व लोकशाही केंद्र १९९६ पासून तिबेटमधील परिस्थितीची नोंद ठेवते. दुसरे म्हणजे वसाहत कार्यालयातील कर्मचारी. कर्नाटकातील बैलकुप्पे असो वा गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ मध्ये वसलेली नोर्ग्येलिंग वसाहत, अर्ज भरून घेणे, नूतनीकरणाची आठवण करणे, सरकारी कार्यालयात सोबत जाणे ही कामे हेच करतात. त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. आमच्या मते लाभार्थ्याला रोज उपयोगी पडतात ते हेच. केंद्र सरकारने ३६ वसाहत कार्यालयांच्या खर्चासाठी २०१५-१६ पासून पाच वर्षांत ४० कोटी रुपयांचे अनुदान मंजूर केले होते.

सर्वांत अवघड प्रश्न नागरिकत्वाचा आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक ठरते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये हे तिबेटींनाही लागू असल्याचे सांगितले. पण २०१७ मध्ये पासपोर्टसाठी अटी आल्या: नोंदणी प्रमाणपत्र परत करा, वसाहतीत राहू नका, तिबेटी प्रशासनाचे लाभ सोडा. म्हणजे पासपोर्ट हवा असेल तर आईवडिलांचे घर ज्या वसाहतीत आहे, ती सोडायची. तुम्ही या वयोगटात असाल, तर प्रमाणपत्र परत करण्याआधी वसाहत अधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण या दोघांचा सल्ला घ्या, आणि भाडेपट्ट्यातील घर कोणाच्या नावावर राहील हे लेखी विचारून घ्या.